सिंधूसाठी रडावे की सिंधूवर रागवावे?

काही नाटके अशी असतात की ती पाहून आलेले घर त्या रात्री एकमताने झोपत नाही. नवरा एक म्हणतो, बायको दुसरे म्हणते आणि लेक तिसरेच काही बोलून खोलीचे दार लावून घेते. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे त्यातले पहिल्या नंबरचे नाटक. शंभर वर्षे उलटून गेली तरी त्यावरून होणारे वाद मिटलेले नाहीत. ते मिटू नयेत असेच मला वाटते, आणि का वाटते ते आज सांगायचे आहे.

नव्या पिढीतल्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख करून देते. आपल्याकडची मुले तेलुगू नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. गडकरी हे नाव त्यांच्या कानावर पडलेच तर आजोबांच्या तोंडून. २६ मे १८८५ रोजी गुजरातेतल्या नवसारीला जन्मलेला हा माणूस २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला गेला. उणेपुरे तेहतीस वर्षांचे आयुष्य. तेवढ्यात ‘प्रेमसंन्यास’, ‘पुण्यप्रभाव’, ‘भावबंधन’ आणि ‘एकच प्याला’ ही चार नाटके पूर्ण केली, ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. शिवाय ‘गोविंदाग्रज’ या नावाने कविता आणि ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेखन. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या निधनानंतर गंधर्व नाटक मंडळीने ते उभे केले. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर झाले. नाटकातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली.

गोष्ट म्हटली तर साधी आहे. सुधाकर हा हुशार, मानी, तापट वकील. कोर्टात अपमान होतो, वाद वाढतो आणि त्याची सनद काही काळासाठी रद्द होते. जिव्हारी लागलेल्या या माणसाला त्याचा कारकून तळीराम दुःख विसरण्याचा उपाय सुचवतो. उपाय किती, तर एकच प्याला. तिथून पाच अंकांत घर कोसळते. वकिली जाते, पैसा जातो, अब्रू जाते. श्रीमंत माहेरची सिंधू माहेरची मदत नाकारते आणि लोकांचे दळण दळून पोट भरू लागते. शेवटी दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून स्वतःचे लहानगे मूल जाते, सिंधू प्राणांतिक जखमी होते. चौकशीला आलेल्या फौजदारापुढे ती मरता मरता खोटे बोलते आणि नवऱ्याला वाचवते. ती जाते, आणि सुधाकर विष घातलेला प्याला पिऊन तिच्या मागोमाग जातो.

म्हणजे शेवटी घरात कोणी उरत नाही. मराठी प्रेक्षकाला ही सवय नव्हती. संस्कृत नाट्यपरंपरेत नायकाचा मृत्यू रंगमंचावर दाखवू नये असा संकेत होता. दुःख कितीही होवो, शेवटी मीलन व्हावे, भरतवाक्य म्हणावे आणि मंडळींनी समाधानाने घरी जावे, ही आपली रीत. दारूवरचे नाटक त्याआधीही होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ १९१३ साली रंगभूमीवर आले. त्यात शुक्राचार्यांच्या मद्यपानाची कथा आहे, पण ते दैत्यांचे गुरू, पुराणातले. त्यांना शहाणपण येते आणि ते दारूला शाप देतात. गडकऱ्यांनी मद्य पुराणातून काढून शेजारच्या वकिलाच्या दिवाणखान्यात आणले आणि शहाणपण येऊनही वेळ निघून गेल्याचे दाखवले.

असा शेवट सोसत नाही ही तक्रार एकट्या आपल्या लोकांची नाही. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते. त्यात शेवटी निरपराध कॉर्डेलिया मरते, आणि म्हातारा बाप तिचे प्रेत हातांवर घेऊन येतो. १६८१ साली नाहुम टेट नावाच्या लेखकाने हा शेवट बदलला. कॉर्डेलिया जिवंत ठेवली, तिचे लग्न लावले, लिअरला राज्य परत दिले. इंग्रज प्रेक्षकांनी जवळजवळ दीडशे वर्षे हेच गोड ‘लिअर’ पाहिले. डॉक्टर जॉन्सन हा एवढा मोठा विद्वान, पण कॉर्डेलियाच्या मृत्यूचा त्याला इतका धक्का बसला होता की संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचण्याचा धीर त्याला झाला नाही. हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. दुसरीकडे टॉलस्टॉयने त्याच नाटकाची भलीमोठी लेख लिहून टर उडवली. एकच नाटक. एकाला ते सोसवत नाही, एकाला ते बदलावेसे वाटते, तर तिसऱ्याला ते पटतच नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. मागच्या दसऱ्याच्या सुट्टीत आमच्या ओळीतल्या काही घरांनी मिळून ‘एकच प्याला’चे वाचन केले. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे दसऱ्याची सुट्टी चांगली लांबलचक असते आणि मराठी नाटक पाहायचे तर नांदेड गाठावे लागते. मग म्हटले, बघायला मिळत नाही तर वाचू या. रोज रात्री जेवणे उरकली की एक अंक. पाच रात्री, पाच अंक. सात-आठ माणसे, एकच जुने पुस्तक आणि दोन-तीन मोबाईल. पदे येणाऱ्याने गायची, न येणाऱ्याने नुसती वाचायची. आमचा नाट्यप्रयोग काही कौतुक करण्यासारखा नव्हता. पण रोज वाचन संपल्यावर जी बोलणी व्हायची, ती ऐकण्यासारखी होती.

सर्वांत वडील होते एक निवृत्त मास्तरकाका. पंचाहत्तरी ओलांडलेली, लहानपण किनवटकडचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आपण इकडे राहिलो, ही गोष्ट ते दर भेटीत एकदा तरी काढतातच. काकांसाठी ‘एकच प्याला’ म्हणजे सिंधू, आणि सिंधू म्हणजे बालगंधर्व. त्यांनी बालगंधर्वांना पाहिलेले नाही, वडिलांकडून ऐकलेले आहे. भरजरी शालू नेसण्यासाठी प्रसिद्ध असलेला हा नट शेवटच्या अंकात जुनेर नेसून जात्याशी बसायचा, तेव्हा थिएटरातल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या, हे सांगताना काकांचाच आवाज ओला झाला. “अशी बाई आता होणे नाही,” ते म्हणाले. त्यांच्या लेखी सिंधू ही देवी होती आणि तिच्यापुढे हात जोडायचे, एवढेच आपले काम.

“नको व्हायला अशी बाई,” कोपऱ्यातून आवाज आला. आमच्याच गल्लीतली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. तिला रडू आले नव्हते, तिला राग आला होता. सुधाकराचा आलाच होता, पण त्याहून जास्त सिंधूचा. “माहेरी एवढं सगळं असून ही दळण कशाला दळते? मूल उपाशी ठेवते ते कोणासाठी? आणि शेवटी त्याला वाचवते! मूल मेलं तिचं!” काका गप्प झाले. मुलगी थांबली नाही. तिने विचारले, की तळीरामाची बायको गीता तोंडावर बोलते, नवऱ्याला फैलावर घेते, तर तिच्यासाठी कोणी हात का जोडत नाही?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. गडकऱ्यांनी एकाच नाटकात दोन दारुड्यांच्या दोन बायका शेजारी शेजारी उभ्या केल्या आहेत. एक सोसते, दुसरी बोलते. पण शंभर वर्षांत आपण काय केले? सोसणारीला डोळ्यांतले पाणी दिले आणि बोलणारीच्या वाक्यांवर हसलो. लेखकाने दोन वाटा दाखवल्या होत्या, त्यातली एक आपण देव्हाऱ्यात ठेवली आणि दुसरी करमणुकीत काढली. यात दोष गडकऱ्यांचा किती आणि आपला किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

तरी मुलीला एक गोष्ट सांगणे मला भाग होते. सिंधूच्या काळी हिंदू बाईला घटस्फोटाची वाट कायद्याने जवळजवळ बंदच होती. सर्वांसाठी ती उघडली १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. घरातल्या मारहाणीविरुद्ध बाईला संरक्षण देणारा खास कायदा व्हायला तर २००५ साल उजाडले. नॉर्वेच्या इब्सेनची नोरा १८७९ मध्येच दार लावून घराबाहेर पडली होती, हे खरे. पण जर्मनीत ती भूमिका करणाऱ्या नटीने मुलांना टाकून जाणारी आई रंगवायला नकार दिला, आणि इब्सेनला स्वतःच्या हाताने नोराला घरात ठेवणारा दुसरा शेवट लिहून द्यावा लागला. युरोपात ही तऱ्हा, तर इथली सिंधू कुठे जाणार? मुलीने ऐकून घेतले आणि म्हणाली, “मॅडम, ती का गेली नाही ते समजलं. पण ती गेली नाही म्हणून तिची आरती का करायची, ते नाही समजलं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तिचे म्हणणे मला पटलेही होते.

तिसरी प्रतिक्रिया आमच्या शेजारच्या अक्कांची. घरची भाषा तेलुगू, पण माहेर भैंशाचे, त्यामुळे मराठी चांगले समजते. त्यांना बालगंधर्व ठाऊक नाहीत, ‘पतिव्रता’ या शब्दाचे त्यांना विशेष अप्रूपही दिसले नाही. सगळे वाचन त्यांनी शेंगा सोलत ऐकले आणि शेवटी एकच विचारले, “ह्या बाईला गल्लीत कोणीच नव्हतं का? ती एकटीच का रडती?”

अक्कांच्या प्रश्नामागे इतिहास आहे. १९९० च्या सुमारास आंध्रात साक्षरता मोहीम जोरात होती. नेल्लूर जिल्ह्यातल्या खेडोपाडी बायका दिवसभर शेतात राबून रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवायच्या. त्यांच्या वाचनपुस्तकात सीतम्मा नावाच्या बाईची कथा होती. नवऱ्याच्या दारूपायी उद्ध्वस्त झालेली सीतम्मा म्हणजे एका परीने तेलुगू सिंधूच. पण ती वाचून दुबागुंटा गावच्या बायका रडत बसल्या नाहीत. आपल्या गावात असे का होते, असे त्यांनी एकमेकींना विचारले आणि सगळ्या मिळून साऱ्याच्या, म्हणजे गावठी दारूच्या, दुकानावर चालून गेल्या. दुकान बंद पडले. पुढच्या वाचनपुस्तकात त्यांचीच हकीकत धडा म्हणून आली. १९९२ मध्ये ते लोण जिल्हाभर आणि मग राज्यभर पसरले. १ ऑक्टोबर १९९३ पासून सरकारला साऱ्यावर बंदी घालावी लागली आणि जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. ती १९९७ मध्ये शिथिल झाली हे खरे आहे, पण एका धड्यातल्या दुःखी बाईने एवढे घडवले हेही खोटे नाही.

विचार करा, वाचकहो. दुःख तेच, गोष्ट तीच. ती थिएटरच्या अंधारात पाहिली तेव्हा माणसे रुमाल भिजवून घरी गेली. तीच गोष्ट शेजारणींनी एकत्र बसून वाचली तेव्हा त्या उठून दुकानाकडे गेल्या. थिएटरात माणूस हजारांत असूनही एकटा रडतो. वाचनवर्गात मात्र शेजारणीचा चेहरा समोर असतो, आणि रडण्याआधी तिला काहीतरी विचारावे लागते.

चौथी प्रतिक्रिया सांगण्याआधी थोडे थांबते. ज्यांची ती आहे त्या नवरा-बायकोने नाव न घालण्याच्या अटीवर लिहायला होकार दिला आहे. हे भाऊ चार वर्षांपासून दारूला शिवलेले नाहीत. त्याआधीची बारा वर्षे काय होती, ते आमच्या गल्लीला माहीत आहे. ते वाचनाला येतील असे मला वाटले नव्हते. पण आले, रोज आले, दाराजवळ बसले.

सगळ्यांना वाटले, मूल जाते तिथे ते उठून जातील. तसे झाले नाही. त्यांचा बांध फुटला तो चौथ्या अंकात. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि शुद्धीवर राहून जुन्या ओळखीच्या लोकांकडे काम मागायला जातो. लोक त्याला उभे करत नाहीत, जुन्या गोष्टी काढून पाणउतारा करतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. नाटक पाहणाऱ्यांना हा प्रवेश सहसा आठवत नाही. भाऊ म्हणाले, “दारू सुटली होती त्याची. सोडू दिली नाही लोकांनी.” मग म्हणाले, “मी सोडली त्याला सहा महिने झाले तरी दुकानदार उधार देताना तोंडाचा वास घ्यायचा. लग्नात पंगतीला बसलो की कोणी तरी डोळा मारायचं. घरी येऊन वाटायचं, हे असंच असेल तर सोडून काय फायदा?”

भाऊंचे म्हणणे ऐकल्यावर मी तो भाग पुन्हा वाचला. दारूने पकडलेल्या माणसाचे मन आतून कसे चालते हे सुधाकर सांगतो, ते दीर्घ भाषण काकांना पाठ आहे. काकांना त्यातली भाषा आवडते. भाऊंना मात्र त्यात स्वतःची दैनंदिनी सापडली. पहिला प्याला घेतला की पुढचे आपल्या हातात उरत नाही, म्हणून सांभाळायचा तो पहिलाच. १९३५ साली अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही मद्यपींची स्वमदत चळवळ सुरू झाली, तीही हेच सांगते. गडकऱ्यांनी ते त्याआधी नाटकाच्या नावातच घालून ठेवले होते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, तिथेही व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी मानून जवळ केले गेले. सुधाकराला एक रामलाल मित्र होता, पण दार उघडणारे गाव नव्हते.

आणि आता पाचवी प्रतिक्रिया. भाऊंच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी. पाचव्या अंकाच्या रात्री सिंधूचे फौजदारापुढचे बोलणे सुरू झाले, आणि चहा टाकते म्हणून त्या आत उठून गेल्या. चहा काही आला नाही. मी आत गेले तर त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. डोळे कोरडे. म्हणाल्या, “सगळे सिंधूला देवी म्हणतात नाहीतर मूर्ख म्हणतात. मी पण सांगितलं होतं, मोरीत पाय घसरला म्हणून. दवाखान्यात सांगितलं, सासरी सांगितलं, तुम्हालाही सांगितलं होतं. देवी नव्हते मी. मूर्ख पण नव्हते. दुसरं काही सांगितलं असतं तर पुढं काय करायचं, ते कोणालाच माहीत नव्हतं.”

वाचकहो, गडकऱ्यांच्या नाटकावर पुष्कळ टीका लिहिली गेली आहे. सुधाकराचे पतन फार झटपट होते, तळीरामाचा विनोद दारू गोड करून टाकतो, सिंधूचे सोसणे अतिरेकी आहे, असे आक्षेप जाणकारांनी वर्षानुवर्षे घेतले. मी वर्गात शिकवताना हेच आक्षेप सांगत असते. परंतु वहिनींनी ओट्याशी उभ्या उभ्या जे सांगितले, ते मला कुठल्या ग्रंथात मिळाले नाही. सिंधूचे खोटे हे केवळ पातिव्रत्यही नाही आणि केवळ भोळेपणाही नाही. खरे सांगितल्यावर कोणी काही करील असा भरवसा नसलेल्या माणसाचे ते उत्तर आहे. फौजदार विचारतो, ती खोटे सांगते आणि त्याचे काम संपते. नाटकात हे घडायला पाच अंक लागतात. आपल्या गल्लीत ते एका वाक्यात घडते. “काय झालं कपाळाला?” “मोरीत पाय घसरला.” “जपून गं.” झाले, आपलीही चौकशी संपली.

आपल्या सीमाभागात हे वाक्य किती घरांत बोलले जाते, याचा आकडा मला देता येणार नाही, पण तुम्हीही ते ऐकले असेल. आपल्याकडे शिंदी आहे, चोरून गाळलेला गुडुंबा आहे, परवान्याची दुकाने आहेत आणि त्या दुकानांतून माल आणून खेड्यात कुठल्याशा किराण्याच्या मागे विकणारी ‘बेल्ट शॉप’ आहेत. हद्दीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली, २०२१ मध्ये ती उठवली गेली. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. महाराष्ट्रात गावातल्या निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले तर दुकान बंद करता येते, आणि कित्येक गावांनी ते करून दाखवले आहे. बंदी असावी की नसावी यावर शहाणी माणसे दोन्ही बाजूंनी भांडतात. एका बाजूला कायदा, दुसऱ्या बाजूला महसूल, मधून चोरटी वाहतूक. तो वाद आज इथे सोडवता येणार नाही. मात्र बंदी आली किंवा गेली तरी मोरीत पाय घसरतच राहतात, एवढे खरे.

म्हणून मला या नाटकावरचे वाद हवेसे वाटतात. काका रडले म्हणून ते जुनाट ठरत नाहीत. सिंधूचे दुःख त्यांना खरेच भिडले. मुलगी चिडली म्हणून ती उद्धट ठरत नाही. तिच्या रागात पुढच्या सिंधूची सुटका आहे. अक्कांनी गल्ली कुठे होती ते विचारले, भाऊंनी परतणाऱ्या माणसाचे दार दाखवले, वहिनींनी त्या खोट्याचा अर्थ सांगितला. पाच माणसांनी पाच वेगवेगळ्या ठिकाणी बोट ठेवले, आणि प्रत्येकाने आपल्याला जिथे दुखले तिथेच ठेवले. सगळ्यांनी एका सुरात “काय सुंदर नाटक!” म्हटले असते तर आम्ही सहाव्या दिवशी ते विसरून गेलो असतो. टेटने ‘लिअर’चा शेवट गोड केला, त्याने प्रेक्षकांची झोप वाचली, पण हे बोलणे मारले गेले. गडकऱ्यांनी आपली झोप वाचवली नाही, हे बरे केले.

तुमच्याही घरी जुने पुस्तक असेल, नसेल तर मिळवा. घरातल्या सगळ्यांनी बसून वाचा, सासूने, सुनेने, मुलग्यांनीसुद्धा. वाचून झाल्यावर कोणाला रडू आले एवढेच विचारू नका, कुठे आले तेही विचारा. राग आला असेल तर तो कोणाचा आला ते विचारा. उत्तरे जुळली नाहीत तर जुळवत बसू नका. ऐकून घ्या. एखादे उत्तर नाटकाविषयी नसेल, तर ते जास्त लक्ष देऊन ऐका.

आणि दारू सोडलेला एखादा माणूस तुमच्या दुकानात, शेतावर, ऑफिसात काम मागायला आला, तर त्याच्या तोंडाचा वास घेण्याआधी त्याला बसायला सांगा. सोडू पाहणाऱ्यासाठी १४४४६ हा क्रमांक आहे. महिलांसाठी १८१ आहे, जिल्ह्यांत ‘सखी’ केंद्रे आहेत. हे पत्ते दारावर चिकटवायची गरज नाही, आपल्याला ठाऊक असले तरी पुरे. कारण पुढच्या वेळी कोणी “मोरीत पाय घसरला” म्हणाली, तर “जपून गं” म्हणून आपण पुढे जायचे नाही. चार लोक पांगू द्यायचे, तिच्याजवळ बसायचे आणि हळूच विचारायचे, “आणि तो घसरला नसता तर काय सांगितलं असतंस?”